फटफटीचा तिसरा हात

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. म्हणजे नव्हता... आता 'नाही' म्हणताना जीभ जरा अडखळते, एवढंच. या सदरात लोक लिहितात ते मी नेमाने वाचतो आणि हसतो. पिंपळाखालची पांढरी साडी, वळणावर हात दाखवणारी बाई... अरे, सगळ्या भुतांना पांढरंच नेसायचा हुकूम कोणी काढलाय? माझ्या हकीकतीत साडी नाही, पिंपळ नाही आणि अमावस्या तर नाहीच नाही. जे झालं ते सकाळच्या उजेडात नाहीतर भर दुपारी झालं. आणि झालं तरी काय – बोटाएवढी एक लोखंडी पट्टी हलली. बस. वाचून तुम्ही हसलात तरी मला राग नाही. मीही हसलोच असतो.

माझा धंदा जळगावला पाण्याच्या मोटारी भरून द्यायचा, म्हणजे रिवाइंडिंगचा. रावेर-यावलकडचे केळीवाले जळालेली मोटार बैलगाडीत घालून आणतात आणि दुकानात पाय ठेवताच सांगतात, "भाऊ, मोटारीला कोणाची तरी नजर लागली." मी सांगतो, "नजर नाही रे बाबा, व्होल्टेज लागलं. रात्री कमी दाबाने चालवलीस ना?" तो मान खाली घालतो. सगळं आयुष्य मी लोकांच्या नजरा आणि करण्या तांब्याच्या तारेने काढल्या आहेत. म्हणून हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते. पण सांगायला घरात कोणी नाही, तेव्हा तुम्हालाच सांगतो.

आमची फटफटी विलायती, पाचशे सीसीची, माझ्या जन्माआधीची. कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या गोऱ्या मॅनेजरने विलायतेला परत जाताना ती आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना दिली. आबांनंतर ती माझ्याकडे आली. बटण दाबलं आणि निघालं असलं काही तिच्यात नाही. तिच्या हँडलवर डावीकडे एक छोटी पट्टी आहे. ती मागे ओढली की इंजिनात ठिणगी जरा उशिरा पडते, पुढे ढकलली की लवकर. सुरू करताना पट्टी मागेच हवी. गाडी पळायला लागली की पुढे. सुरू करतानाच पुढे राहिली तर इंजिन उलटा झटका देतं आणि किक अशी पायावर येते, की घोट्याचा चुरा व्हावा. आबांचा घोटा असाच मोडला, ते शेवटपर्यंत लंगडले.

आता गंमत अशी, की आमच्या गाडीची ती पट्टी झिजली होती. मागे ओढली तरी टिकायची नाही. आतली स्प्रिंग तिला ओढून पुन्हा पुढे न्यायची. म्हणजे किक मारेपर्यंत कोणीतरी ती दाबून धरायला हवी. माझा डावा हात इंजिनातला दाब सोडायच्या दुसऱ्या पट्टीवर, उजवा हात रेसवर. दोन्ही पट्ट्या एका हाताने धरायचा प्रयत्न करून पाहिलाय, बोटं पुरत नाहीत. तर या फटफटीला सुरू व्हायला तीन हात लागायचे.

तिसरा हात बायकोचा.

नाव कोकिळा, आणि आवाज थेट जिनिंगचा भोंगा. माहेर दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातलं. जळगावात एवढी वर्षं काढली, पण बोलणं अहिराणीच. सकाळी मी दुकानात जायला निघालो, की गाडी ओट्यासमोर कडुनिंबाखाली काढून ठेवायचो आणि आत जाऊन बूट घालायचो. मी बूट घालेपर्यंत ही पदराला हात पुसत बाहेर यायची, हँडलपाशी उभी राहायची आणि पट्टी मागे ओढून ओरडायची, "धरेल शे! मारा आते!" धरलीय, मारा आता. मी बुटाची नाडी बांधत असलो तरी तिचा तो पुकारा ठरलेला. सगळ्या गल्लीला कळायचं की आमची गाडी निघाली. चुकून मला उशीर झाला की वर ऐकवायची, "पाय मोडी तुमना, नि बठ्ठं माले करनं पडी!" पाय तुमचा मोडेल आणि सगळं मला करावं लागेल.

सुपडू मिस्त्री माझा शाळेपासूनचा दोस्त. गॅरेज त्याचं शिवाजीनगरच्या बाजूला. तो दर वेळी म्हणायचा, पट्टीत नवा वायसर, म्हणजे चकती, टाकून देतो, कामच संपेल. पण कोकिळाच नको म्हणायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटतं आम्हा दोघांनाही तो सकाळचा कार्यक्रम मोडायचा नव्हता. भांडण झालेलं असलं, बोलचाल बंद असली, तरी ती येऊन पट्टी धरायचीच. तोंड फुगवून "धरेल शे" म्हणायची. मग मला हसू यायचं आणि भांडण तिथेच मिटायचं.

काविळीचं निमित्त झालं आणि महिन्याभरात ती गेली. तेव्हा आमची मुलगी लता नुकतीच लग्न होऊन सुरतेला गेली होती. दिवस झाले, माणसं आपापल्या घरी गेली. दुकान उघडायचं म्हणून मी सकाळी गाडी बाहेर काढली, बूट घालून आलो, आणि हँडलपाशी नुसता उभा राहिलो. शेजारच्याला हाक मारली, म्हटलं एवढं धर. त्याने धरली, पण मी किक मारताना घाबरून सोडली. पुढचे आठ-पंधरा दिवस मी सुजलेला पाय बादलीत बुडवून ओट्यावर बसलो होतो. "बठ्ठं माले करनं पडी" म्हणायला आता कोणी नव्हतं. फार एकटं वाटलं हो. पाय दुखत होता म्हणून नाही.

शेवटी सुपडूला बोलावलं. त्याने पट्टीची वायर काढून टाकली आणि ठिणगी मधल्याच एका जागी कायमची पक्की केली. गाडी चढावर दमायची, तापायची, पण एकट्याला सुरू करता यायला लागली. पट्टी मात्र त्याने हँडलवरच ठेवली, काढली असती तर हँडल बोडकं दिसलं असतं. खडखडू नये म्हणून वायसर घालून, पुढच्या टोकाला करकचून आवळून टाकली. आता ती कशालाच जोडलेली नव्हती. शोभेची वस्तू.

पहिल्यांदा लक्षात आलं ते चैत्रातल्या एका सकाळी. बूट घालून बाहेर आलो, तर पट्टी मागे. म्हटलं, आवळायची राहिली असेल. अंगठ्याने पुढे ढकलायला गेलो तर हलेना. पक्कड आणून सरकवावी लागली. मग कोण्या पोरासोराचं काम असेल म्हणून गल्लीवर उगाच चिडचिड केली. दोन दिवसांनी परत तेच. मग पुन्हा. गाडी नुसती उभी असेल तेव्हा पट्टी जागची हलायची नाही. मी निघायच्या वेळी, बूट घालायला आत गेलो, तेवढ्यातच... बाहेर येऊन बघावं तर मागे.

आता मी माणूस तारेतला. विचार केला, ऊन लागून लोखंड फुगत असेल. पण कडुनिंबाची सावली दाट, सकाळचं ऊन तिथे येतच नाही. उंदीर म्हणावा तर पक्कड लागते तिथे उंदीर काय करणार? ट्रकने जमीन हादरते म्हणावं, तर हायवे केवढ्या लांब. एक दिवस सुपडूलाच बोलावलं. त्याने पान्याने नट असा आवळला, की वायसर किंचाळला. आम्ही दोघांनी अंगठे लावून बघितले – हूं नाही की चूं नाही. मग त्याच्यासमोर मी आत बूट घालायला गेलो. तो ओट्यावर पट्टीकडे डोळे लावून बसला. काही झालं नाही. "पाह्यलं?" म्हणाला, "तुना मनना खेळ शे, भो." मग माझ्यामागोमाग माठातलं पाणी प्यायला आत आला. आम्ही बाहेर आलो...

सुपडू ओट्यावरून खाली उतरेचना. तिथूनच म्हणाला, "कोन हलावस हाई?" मी म्हटलं, मला काय विचारतोस, मिस्त्री तू आहेस. "मशीनमा काहीच नही शे. वायरच नही तठे," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात धोतराला पुसले, जणू हाताला काही लागलं होतं.

मला भीती वाटली का? तुम्ही हेच विचारणार. खरं सांगतो, नाही वाटली. उलट... कसं सांगू? मला बरं वाटायला लागलं. ज्या दिवशी काम नसेल त्या दिवशीही मी गाडी बाहेर काढायला लागलो. पाचोऱ्याला एखाद्या गिऱ्हाइकाचा निरोप आला की "स्वतः येतो" म्हणायला लागलो. बूट घालताना आतूनच कान टवकारायचो. आवाज कधीच आला नाही. ना बांगडी, ना पाऊल, ना ते "धरेल शे". फक्त बाहेर यावं आणि पट्टी मागे दिसावी. मी "हं, मारतो" म्हणायचो आणि किक मारायचो. स्वतःशी बोलतो म्हणून गल्लीत नाव झालं, होऊ दे.

मग कोकिळाचं वर्षश्राद्ध आलं. तिच्या भावाने ते माहेरी ठेवलं होतं, म्हणून मी गाडीने निघालो. एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत ठीक गेलो. पुढे दोंडाईचाच्या रस्त्याला समोरून वारा, वरून ऊन. ठिणगी एकाच जागी पक्की केलेली गाडी अशा वाऱ्यात फार तापते. चिमठाण्याच्या अलीकडे इंजिन धापा टाकायला लागलं, तेव्हा बंद करून एका बाभळीखाली लावली. आजूबाजूला चिटपाखरू नाही. काढून झालेल्या कापसाची शेतं, नुसत्या पळकाट्या उभ्या. थोड्या अंतरावर हातपंप होता. तिथे जाऊन तोंडावर पाणी मारलं, बुटात गेलेले खडे काढले, बूट पुन्हा घातले आणि परत आलो.

पट्टी मागे.

तोवर मी मनाशी म्हणायचो की असेल काही त्या घराचं, त्या ओट्याचं, त्या कडुनिंबाचं. इथे ना ओटा ना कडुनिंब. मी तिथेच बाभळीच्या काट्यांत बसलो आणि रडलो. माझ्यासारखा माणूस, आबा वारले तेव्हाही न रडलेला, रस्त्याच्या कडेला हमसून हमसून रडला. आणि रडता रडता एक गोष्ट मनात आली, ती मग गेलीच नाही. ही बिचारी एवढ्या निगुतीने पट्टी ओढते – आणि ती पट्टी कशालाच जोडलेली नाही! तिला काय वाटत असेल? आपण धरतो आणि गाडीला त्याचं काही नाही? माझ्या पायासाठी ती येते आणि मी तिच्या हातात खोटी पट्टी देऊन ठेवलीय... ते मला सहन होईना.

जळगावला आल्यावर थेट सुपडूकडे गेलो. म्हटलं, गाडी होती तशी कर. पहिल्यासारखी. वायर जोड, पट्टी जिवंत कर.

योगायोग असा, की भुसावळच्या भंगारात तसल्याच फटफटीचा सांगाडा त्याला मिळाला होता आणि त्यातून पट्टीचं सगळं सामान निघालं होतं. म्हणजे सामानाची अडचण नव्हती. अडचण सुपडूची होती. "ऱ्हाऊ दे जशी शे तशी," म्हणाला. "खोटी पट्टी हलस, त्यामा कोनाचं काही बिघडत नही. खरी जोडी नि भलत्या वख्ताले पुढे सरकनी तं? एकला ऱ्हास तू. तुना पाय मोडना तं तुले पानी कोन पाजी?" लताला दुकानातून ट्रंक कॉल लावला. पट्टीचं काही सांगितलं नाही, नुसतं गाडी जुन्यासारखी करतोय म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, ती गाडी देऊन टाका कोणालातरी आणि सुरतला या. किती दिवस एकटे राहणार?" मी म्हटलं, बघू.

बरेच दिवस मी ठरवू शकलो नाही. सुपडूचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि दुसरीही एक भीती होती, ती मी त्याला बोललो नाही. आहे ते चाललंय. रोज सकाळी एवढं तरी आहे. त्याला हात लावला आणि तेही गेलं तर? पण मग पट्टी मागे आलेली दिसली, की तो बाभळीखालचा विचार परत यायचा. शेवटी एका सोमवारी, बाजार बंद असतो त्या दिवशी, मी गाडी ढकलत त्याच्या गॅरेजात नेली आणि म्हटलं, जोड.

सुपडूने काम मन लावून केलं. नवी वायर, भुसावळची पट्टी, नवा वायसर. आता पट्टी जिथे ठेवू तिथे राहायची, स्प्रिंगच्या बापाने ओढली तरी हलायची नाही. "आते तिसरा हात नको, भो," म्हणाला. "तू आपला मागे ओढ, निवांत किक मार." घरी येताना पट्टी पुढे सरकवली तेव्हा गाडी अशी पळाली, की मला माझ्या तरुणपणाची आठवण झाली. वाटेत मी मोठ्याने म्हणालो, "बघ, आता खरी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कडुनिंबाखाली काढली. पट्टी मुद्दाम पुढे ठेवली. आत गेलो, बूट घातले. बाहेर आलो.

पट्टी पुढेच होती.

म्हटलं, असू दे, रोज थोडीच यायची. स्वतः मागे ओढली, किक मारली, पहिल्याच किकेला सुरू. दुसऱ्या दिवशीही पुढेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पाचोऱ्याला गेलो, मुक्ताईनगरला गेलो, धुळ्याला जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी गाडी लावून लांब गेलो, उगाच बूट काढून पुन्हा घातले. लोक बघायचे. पट्टी जागची हलली नाही ती नाहीच. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका सकाळी मी किक मारायला पाय उचलला आणि एकदम डोक्यात आलं – अरे, हिची गरजच संपवली की आपण! वायर जोडली ती ठीक, पण नवा वायसर कशाला टाकला? पट्टी स्वतःच स्वतःला धरते म्हटल्यावर ती कशाला येईल? नवा वायसर तिने हयातीतसुद्धा टाकू दिला नव्हता!

तसाच गाडी ढकलत सुपडूकडे गेलो. म्हटलं, जुना झिजलेला वायसर आहे ना तुझ्या डब्यात? तो टाक. त्याने डबा उपडा केला, वायसर शोधला आणि टाकला. आता पट्टी मागे ओढावी आणि सोडावी, की खाडकन पुढे. अगदी पूर्वीसारखी. तिसरा हात असल्याशिवाय गाडी सुरू होणं नाही.

त्याला आता तीन वर्षं होत आली. दुकानात मी सायकलने जातो. सुपडू महिन्यातून एकदा येतो, पट्टीकडे बघतो, विचारतो, "परत घट्ट करी दिऊ का?" मी म्हणतो, राहू दे. लता म्हणते, बाबा हट्टी आहेत. असेन.

पट्टी तेव्हा कोण ओढत होतं ते मला माहीत नाही. आणि ज्याने कोणी ओढली, त्याने नंतर का सोडून दिली, तेही नाही. शहाण्या वाचकांना तारेचं, स्प्रिंगचं, उष्णतेचं काही कारण सुचलं तर जरूर कळवा, मी त्यातलाच माणूस आहे, मला समजेल. पण खरं सांगू? सापडलंच कारण तर मला फार आनंद होईल असं वाटत नाही.

फटफटी मी रोज सकाळी बाहेर काढतो. कडुनिंबाखाली उभी करतो, पेट्रोल चालू करतो आणि आत जातो. बूट घालायला मी हल्ली मुद्दाम वेळ लावतो.